दूध कोणाकडे होतं

सुहास,

आज सकाळी दूध उतू गेलं. शेगडीवरून खाली, ड्रॉवरच्या फटीतून आत, थेट चमच्यांपर्यंत. तुझा तेरावा अजून व्हायचाय आणि मी गुडघ्यांवर बसून ड्रॉवर पुसतेय. तू असताना या घरात दूध कधी उतू गेलं नाही. इथलं दूध तापवावं लागत नाही, हे मी तुला आयर्लंडात, एनिसला आल्यापासून सांगत होते. त्याला धड सायसुद्धा धरत नाही. तरी तू रोज तापवत आलास, आणि तू गेल्यावर मीही तापवतेय. कशासाठी, ते मला विचारू नकोस.

मी सिंकपाशी होते. सई टेबलाशी, फोन घेऊन. पातेलं दोघींच्या डोळ्यांसमोर होतं. मला वाटलं, ती बघतेय. तिला वाटलं, मी. मग करपल्याचा वास आला, दोघी एकदमच धावलो, एकमेकींना धडकलो, आणि सई म्हणाली, "हू हॅड द मिल्क?"

अगदी तुझ्या चालीत म्हणाली. मला आधी हसू आलं आणि मग जे काय झालं ते झालं. तू जाऊन इतके दिवस झाले, पण आम्ही दोघी एकत्र अशा पहिल्यांदाच रडलो, सांडलेल्या दुधाशेजारी बसून. शेजारची नोरीन तेवढ्यात मागच्या दाराने डोकावली आणि परत गेली.

दूध कोणाकडे होतं, हा तुझा प्रश्न. पाहुण्यांना मी इतक्यांदा तुझ्यावतीने समजावून सांगितलाय, की मला तो पाठ आहे. जहाजावर ज्याचा वॉच असतो, म्हणजे जहाज सांभाळायची ज्याची पाळी असते, तो दुसऱ्याच्या हाती जहाज देताना तोंडाने सांगतो, आणि दुसरा तोंडाने म्हणतो, घेतलं. तो घेतलं म्हणेपर्यंत पहिल्याची सुटका नाही, त्याला खाली केबिनमध्ये जाऊन झोपता येत नाही. मान हलवलेली चालत नाही, हुंकार चालत नाही. तू मर्चंट नेव्हीतून उतरलास, माझ्या नोकरीमागे आयर्लंडला आलास, खाडीपलीकडच्या बंदरात टेबलावरची नोकरी धरलीस, पण ही एक सवय किनाऱ्यावर घेऊन आलास. "दूध तुझ्याकडे." "घेतलं." "सईला शाळेतून आणणं तुझ्याकडे." "घेतलं." मी नुसतं हं केलं की तू दारातच थांबून राहायचास, बूट घालून, छत्री हातात घेऊन. मला इतका राग यायचा. मी दिवसभर वॉर्डात म्हाताऱ्या माणसांना सांभाळून यायची आणि घरी हा नवरा माझ्याकडून घेतलं वदवून घेणार. आमच्याकडेही पाळी बदलताना सगळं सोपवतात, लेखी सोपवतात, असं मी म्हटलं तर तू म्हणालास, "लिहिणाऱ्याने दिलं गं. पण घेतलं कोणी?" या वादात मी तुला कधी जिंकू दिलं नाही. आता सांगते, वॉर्डात मीही तोंडाने घेतलं म्हणवून घेते. बरीच वर्षं झाली. ज्युनियर डॉक्टर मागून हसतात.

हे सगळं त्या एका बातमीपासून सुरू झालं होतं, आठवतं? सई प्राथमिक शाळेत होती. टीव्हीवर दाखवत होते, कुठल्याशा देशाची युद्धनौका मालवाहू जहाजाला धडकली, तिच्या कुशीला केवढं भगदाड. सई म्हणाली, "बट इट्स मॅसिव्ह, बाबा. हाऊ डिड दे नॉट सी इट?" इतके रडार, इतके कॅमेरे, कोट्यवधींची यंत्रं, आणि समोरचं डोंगराएवढं जहाज दिसू नये? मलाही तेच वाटलं होतं. तू टीव्ही बंद केलास. टेबलावर प्रेशर कुकर ठेवलास, ते मालाचं जहाज. शेजारी लिंबू पिळायचं यंत्र ठेवलंस, ती युद्धनौका. आणि जेवण निवून जाईपर्यंत बोललास.

कुकर जड. त्याला थांबायला मैलन्‌मैल लागतात, वळायलाही वेळ लागतो. त्याच्यावर पहाटे जागी माणसं दोन, बाकी काम आपोआप चालतं. युद्धनौका हलकी आणि चपळ, म्हणून तिला वाटतं, आपण पुढून सहज कापून जाऊ. ती लपण्यासाठीच बांधलेली, त्यामुळे कुकरच्या रडारवर ती दिसतेच मुळी मच्छीमारांच्या होडीएवढी. आपण कुठे आहोत हे बाकीची जहाजं सारखी ओरडून सांगत असतात, ती गप्प राहते. तिच्यावर माणसं मात्र ढीगभर. एक रडारवर, एक दुर्बिणीवर, एक सुकाणूवर, एक नकाशावर. सगळे पोरसवदा, सगळे झोपेला मोताद. सगळ्यांना कुकर दिसतो. प्रत्येकाला वाटतं, ज्याने बघायचं तो बघतोय.

"आणि सुकाणूसुद्धा," तू म्हणालास, "ह्या टेबलावरून त्या टेबलावर देता येतं यांना, बटण दाबून. मग ऐनवेळी युअर मॅनला वाटतं सुकाणू माझ्याकडे नाही, शेजारच्याला वाटतं त्याच्याकडे आहे." युअर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत 'तो अमुक माणूस', हा शब्द तू इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच उचललास. तुझ्या सगळ्या गोष्टींतला चुकलेला माणूस युअर मॅन असायचा.

"दॅट्स मॅड," सई म्हणाली. मग तिने लिंबू पिळायचं उचलून कुकरच्या मागून नेलं आणि म्हणाली, एवढं सोपं होतं. तू तिच्याकडे असा पाहिलास की मला तेव्हाच कळायला हवं होतं, ही मुलगी काय करणार आहे ते.

त्यानंतर तू आम्हाला किलिमरच्या फेरीबोटीवर नेलंस, पलीकडे केरीत जायला. वारा असा की माझी ओढणी तोंडात. खाडीतून एक मोठं जहाज वर येत होतं. तू सईचं बोट धरून काचेवर टेकवलंस, बरोबर त्या जहाजावर. म्हणालास, जहाज बोटाच्या पुढे सरकलं तर ते पुढून जाईल, मागे पडलं तर मागून. पण ते बोटाखालीच राहिलं आणि नुसतं मोठं होत गेलं, तर समज, ते तुझ्याच अंगावर येतंय. माणसाची नजर हलणाऱ्या गोष्टीकडे जाते. जे हलत नाही त्याच्याकडे लक्ष जात नाही, आणि तेच येऊन आदळतं. सई पुढची कित्येक वर्षं मोटारीच्या काचेवर बोट टेकवून बसायची. काचेवरचे ते डाग मी पुसत राहिले.

तुझा कंटाळा, तुझं ते अर्ध्या पोळीवर ताट सारणं, पाठ धरलीय म्हणणं, हे असंच बोटाखाली राहिलं. रोज तेवढंच होतं. विचारलं की तू इथल्यांसारखं, ठीक आहे या अर्थी, म्हणायचास, "ग्रँड आहे मी." तपासण्या झाल्या तेव्हा ते पार पसरलं होतं. मी डॉक्टर आहे आणि यावर मी मनात इतकी भांडले आहे, की आता त्राण उरलेलं नाही. आज त्याबद्दल लिहीत नाही. आज दुसरं काम आहे.

सईचं.

वसंतात ती मेनूथहून सुट्टीला आली, फिजिक्सचं शेवटचं वर्ष, आणि जेवताना म्हणाली की तिला इथल्या नौदलात ऑफिसर म्हणून जायचंय. मी हातातला डाव खाली ठेवला. तू ठेवला नाहीस. तू आमटी वाढून घेतलीस आणि म्हणालास, "युद्धनौकेवर?"

"बाबा, इट्स फिशरीज पट्रोल, मोस्टली."

"रंग तोच ना पण? करडा."

"तू पण तर समुद्रावर होतास," ती मराठीत म्हणाली. ती मराठीत आली की समजायचं, ती चिडली आहे.

"मी लोकांना केळी पोचवत होतो. आम्ही कोणाच्या पुढून कापून जात नव्हतो."

आणि मग सुरू झालं तुझं. कुकर, लिंबू पिळायचं, झोप, भीती, वरिष्ठांचा धाक. हे ऐकतच ती मोठी झाली, तिला सगळं पाठ होतं. प्रत्येक कारणावर ती म्हणत होती, आय नो, बाबा. शेवटी म्हणाली, "आय नो बिकॉज यू टोल्ड मी. सो शुडन्ट इट बी समवन हू नोज?" मिरजेच्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो ताट उचलतो. तू ताट उचललंस आणि म्हणालास, "बघू."

मराठी बापाचं बघू म्हणजे काय, हे सईला भाषांतर करून सांगावं लागत नाही. तरी तिने अर्ज केला. त्यानंतर तुझ्या तपासण्या निघाल्या आणि त्या विषयाला कोणी हात लावला नाही. तू तिच्याशी हवामानावर बोलायचास. ती तुझी उशी सरळ करायची. मी मध्ये बसून दोघांना फळं कापून देत होते. तुम्ही दोघे इतके सारखे आहात, की मी एकटीच या घरात बाहेरून आल्यासारखी वाटायचे. मला तुमचा दोघांचा रागही आला होता.

आता ते सांगते, जे तू मला सांगितलंस आणि तिला कधीच नाही.

तू तिला अर्धीच गोष्ट सांगितलीस, सुहास. ती अरुंद सामुद्रधुनी, पहाट, तुझा वॉच, तू तेव्हा सेकंड ऑफिसर. रडारवरचा तो बारका ठिपका, होडी असेल म्हणून सोडलेला, आणि मग एकाएकी समोर उभी राहिलेली ती करडी भिंत. तू भोंगा वाजवलास, सुकाणू फिरवलंस, आणि ती तुझ्या नाकासमोरून सरकून गेली. तिच्यावर उभा असलेला एक पोरगा तू पाहिलास, हातात चहाचा मग घेऊन, तोंड उघडं. ही गोष्ट तू सईला सांगायचास तेव्हा तो पोरगा दरवेळी युअर मॅन असायचा आणि गोष्ट चहाच्या मगापर्यंत आली की सई दरवेळी हसायची.

उरलेली अर्धी तू मला सांगितलीस, आपण एनिसला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात. ठिपका तुला बराच वेळ दिसत होता. त्याची दिशा बदलत नव्हती, हे तुला कळलं होतं. कॅप्टनला उठवायला हवं होतं, नियमच तो. पण आदल्याच आठवड्यात तू त्याला मच्छीमारांच्या होडीसाठी उठवलं होतंस आणि त्याने सगळ्यांसमोर तुझी शोभा केली होती. म्हणून तू म्हणालास, अजून दोन मिनिटं बघू. फोनवर हात ठेवून तू उभा राहिलास. "त्या पोराच्या हातात मग होता," तू मला म्हणालास, "आणि माझ्या हातात रिसीव्हर. फरक एवढाच." मग तू मला शपथ घातलीस की हे सईला सांगायचं नाही. बापाचं तेवढं राहू दे म्हणालास. मी पाळलं.

पण त्यामुळे तिला वाटत राहिलं, की दोष करड्या जहाजांचा असतो आणि तिचा बाप दुसऱ्या बाजूचा होता. तुला तिच्यासाठी कशाची भीती होती, ते तिला कधी कळलंच नाही. तू तिला समुद्रापासून वाचवत नव्हतास. त्या फोनपासून वाचवत होतास.

आणि म्हणूनच तर या घरात तुझा दुसरा नियम होता. शंका आली की उठवायचं. रविवारी दुपारी तू पाय ताणून झोपलास, की सई तुला उठवायला यायची. नळ ठिबकतोय म्हणून. प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, वास येतोय म्हणून. बागेत गाय आहे म्हणून, आणि तेव्हा खरंच गाय होती, नोरीनच्या भावाची. बहुतेक वेळा काही नसायचं. तू दरवेळी उठायचास, तिच्याबरोबर जाऊन बघायचास, आणि म्हणायचास, "बरं केलंस उठवलंस." एकदाही वैतागला नाहीस. मी म्हणायची, पोरीला लाडावून ठेवतोयस, झोपू दे की स्वतःला. तू म्हणायचास, एकदा ओरडलो तर ती पुढच्या वेळी उठवणार नाही. मला तेव्हा हे बापाचं प्रेम वाटायचं. ते होतंच. पण तू आपल्या हॉलमध्ये, मोजे घालून, तुझ्या कॅप्टनचं राहिलेलं काम करत होतास.

लिमरिकच्या हॉस्पिटलात शेवटी शेवटी तू फार बोलत नव्हतास. त्या दुपारी सई खाली कॉफी आणायला गेली होती. तू डोळे उघडलेस आणि स्पष्ट म्हणालास, "सई तुझ्याकडे."

मला काय करायचं ते माहीत होतं. एकच शब्द म्हणायचा होता. मी म्हटलं, "गप्प पड रे." तू वाट पाहिलीस. मी तुझ्या तोंडाला ओल्या कापसाने पाणी लावलं, चादर ओढली, नळी तपासली, जी नर्सने आत्ताच तपासली होती. तू माझ्याकडे बघत होतास, बूट घालून दारात थांबायचास तसा. घेतलं म्हटलं असतं तर तू गेला असतास, असं मला वाटलं. इतकी वर्षं लोकांना जाताना बघितलेल्या बाईला असं वाटलं. मग सई कॉफी घेऊन आली आणि तू डोळे मिटलेस. मी म्हटलं नाही, आणि तू तरीही गेलास.

तेव्हापासून मी दमले आहे. शॅननच्या क्रेमॅटोरियममध्ये तुझ्या बंदरातली माणसं रांगेने आली, एकेकाने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, सॉरी फॉर युअर ट्रबल. तू या वाक्यावर हसायचास, जणू काही आमची गाडी बंद पडलीय म्हणायचास. मला ते फार बरं वाटलं. नोरीनने सँडविच आणली, मग हॅमची आहेत हे लक्षात येऊन परत नेली आणि अंड्याची करून आणली. तुझी आई मिरजेहून फोनवर विचारते, जेवलीस का, आणि मी जेवले म्हणते. वॉर्डातून फोन येतात, सावकाश ये म्हणून. सगळं सावकाशच चाललंय. झोपले तरी झोप लागत नाही. कोणीतरी जागं राहायला हवं असं वाटत राहतं, आणि कोण ते कळत नाही.

आज ड्रॉवर पुसून झाल्यावर सई तिथेच फरशीवर बसून राहिली. म्हणाली, नौदलाची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे, कॉर्कला. मग म्हणाली, "आय'ल पुल आऊट, आई. इट्स ग्रँड. मी इथेच काहीतरी बघीन, शॅननला. तुझ्याजवळ राहीन."

आणि थोड्या वेळाने विचारलं, "डिड ही से एनिथिंग? अबाउट इट?"

सुहास, खोटं बोलणं सोपं होतं. बाबा हो म्हणाला, एवढं म्हटलं असतं तर ती उडत गेली असती. नाही म्हणाला असं सांगितलं असतं, तर ती माझ्याजवळ राहिली असती, आणि मला ती हवी आहे रे. घर फार मोठं झालंय. मी दोन्हीपैकी काही म्हटलं नाही. मी शपथ मोडली. तिला उरलेली अर्धी गोष्ट सांगितली, ठिपक्याची, कॅप्टनची, फोनवरच्या हाताची. तुला राग आला असेल तर येऊ दे. तू आता माझ्याशी भांडायला येत असशील तर त्याहून बरं.

मला वाटलं, मी तिचा बाप लहान केला. मग ती म्हणाली, "म्हणून तो मला कधी ओरडला नाही?"

"हो."

"नॉट इव्हन फॉर द काऊ."

"गाय खरी होती," मी म्हटलं.

ती हसली, नाक पुसलं. मी तिला विचारलं, तिथे पहाटे तुझा वॉच असेल, वरचा माणूस खडूस असेल, सगळे म्हणतील कशाला उठवतेस, तर तू काय करशील? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दूध पांढरं असतं का असं विचारलं. "आय'ड वेक हिम," ती म्हणाली. "ऑब्व्हियसली."

तुझ्या सगळ्या कारणांना माझ्याकडे एवढं एकच उत्तर आहे. तू खरंच चुकत नव्हतास. ती जहाजं तशीच असतील, माणसं तशीच पेंगत असतील, आणि मला भीती वाटते, तुझ्याइतकीच. ती पहिल्यांदा समुद्रावर जाईल तेव्हा मी इथे एनिसमध्ये बसून वाऱ्याचे अंदाज बघत बसेन, हे मला आत्ताच दिसतंय. पण त्या गर्दीत एक तरी पोर असं असावं, ज्याला झोपलेल्या माणसाची भीती वाटत नाही. ते तू घडवलंस, आपल्या हॉलमध्ये, रविवारच्या झोपा मोडून. आणि मग तूच तिला अडवत बसलास.

मी तिला सांगितलं, कॉर्कला मी गाडीने सोडेन. ती म्हणाली, तुझी खात्री आहे ना. मी हं केलं. ती जागची हलली नाही. ड्रॉवरला टेकून, माझ्याकडे बघत थांबून राहिली.

मग मी म्हटलं. तिला ऐकू जाईल असं, स्पष्ट, तोंडाने. तिला वाटलं, कॉर्कचं म्हणतेय. तू नीट ऐक.

घेतलं, सुहास. सई माझ्याकडे. आता तू खाली जा आणि झोप.